शेपूट

एकतीस वर्षं बाबा सिंहाच्या शेपटीत होते.

तोंड लाउकाकांकडे.
पापण्या मिचकावणं, कान हलवणं,
महापौरबाईंच्या हातातलं लाल पाकीट अलगद गिळणं,
हे सगळं तोंडाचं काम.
बाबांचं काम एवढंच: कमरेत वाकायचं,
काकांचा पट्टा घट्ट धरायचा
आणि ढोल नेईल तिकडे मागोमाग जायचं.

दुसऱ्या दिवशी विनिपेगच्या पेपरात फोटो:
लाल जबडा, जबड्यात लाउकाकांचं हसू,
वर कोरडं निळं आभाळ, उणे सत्तावीस.
मी तो कापून शाळेत नेला.
यातले तुझे बाबा कोणते, बाईंनी विचारलं.
मी दोन पायांवर बोट ठेवलं.
मागचे, म्हटलं.
वर्ग हसला. मीही हसले,
आणि घरी येऊन शनिवारपर्यंत
त्यांच्याशी बोलले नाही.

उरलेलं वर्ष ते किंग स्ट्रीटच्या एका तळघरात
कोबी चिरत. भिंतीत वर, छताला लागून खिडकी,
तिच्यातूनही रस्त्याचे फक्त पाय दिसत.
सुरी न थांबवता ते सांगत:
हा एरिट्रियाचा, रात्रपाळी संपवून चाललाय.
ही हॅलिना, आज पाय ओढतेय.
हे नवे दिसतात. बघ, कापडी बूट, बर्फात.
जा, सांगून ये.
मग नऊ वर्षांची मी धावत वर जायची
आणि अनोळखी माणसांना धापा टाकत सांगायची,
जुने बूट कुठे मिळतात,
कुठल्या वारी अर्ध्या किमतीत.

तोंड कधी मागितलं नाहीत? एकदा विचारलं.
मागितलं होतं, म्हणाले.
लाउंच्या आजोबांनी इथे गोऱ्यांचे शर्ट धुतले.
आपण आलो अठ्ठ्याऐंशीत, बोलीही वेगळी.
आणि कढईत तेल सोडलं. विषय चर्रकन संपला.

शेपूट घालून पळणारे मी पुष्कळ पाहिले.
शेपूट घालून दारोदार पुढे जाणारा
एकच.

यंदा लाउकाका नाहीत. त्यांची नातवंडं कॅलगरीला.
तोंड आता तेस्फालेमकडे, त्याच रात्रपाळीवाल्याचा मुलगा,
एकोणीस वर्षांचा, नुसता बांबू.
शेपटीला कुणीच नव्हतं.
बाबांच्या गुडघ्यात आता पोलाद आहे.
त्यांनी पिवळं कापड माझ्यापुढे धरलं.
घाल, म्हणाले.

आत अंधार. कापूर, मलम,
आणि कुठल्याच धुण्यात न गेलेला घाम.
पोटापाशी एक ठिगळ, त्यांच्याच टाक्यांचं, वाकडं.
फटाक्यांना परवानगी नाही,
म्हणून पोरं बुडबुड्यांचं प्लास्टिक
पायाखाली फोडतायत.
मला दिसतात ते बूट:
मणी जडवलेले मऊ चामड्याचे,
एका पोराचे, डावा हिरवा, उजवा निळा,
महापौरबाईंचे, टाच बर्फात रुतलेली.

प्रत्येक दारावर काठीला टांगलेला लेट्यूस.
न्हाव्याकडे, मनिलाला पैसे पाठवायच्या खिडकीवर,
फेब्रुवारीत सहा डॉलरचा गड्डा,
कुरकुरत का होईना, टांगलाय.
पेरोगीवाल्या हॅलिनाबाईंनी मात्र हिशेब केला
आणि कोबी लावला.
सिंहाने कोबी फाडायचा कसा?
तेस्फालेम आतल्या आत तिग्रिन्यात काहीतरी बोलला,
त्याचा अर्थ मला कळला.
ढोल ताटकळला. लोक हसू लागले.
सगळे बूट तोंडाकडे धावले.

एक जोडी नाही धावली.
तपकिरी, तळवा डिंकाने चिकटवलेला,
उजवा पाऊल किंचित बाहेर.
ती माझ्या बाजूला, अगदी मागे,
पावलाला पाऊल लावून उभी.
वर बघायला जागा नव्हती.

मग पुढे कुठेतरी कोबी फुटला एकदाचा.
एक पान उडत येऊन त्या तपकिरी बुटावर पडलं.
त्यांनी ते झटकलं नाही.

गुडघे वाकव, बाहेरून आवाज आला.
अजून.